कोपरखैरण्यातलं खाऱ्या पाण्याचं दुकान : मासे मागायला जा, आधी पाणी विचारतात

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र, कशाने सेट करता, हा प्रश्न मी खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात विचारते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी असल्याने लागलेली खोड आहे. ज्या यंत्राचं कॅलिब्रेशन माहीत नाही, त्याच्या आकड्यावर विश्वास बसत नाही. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत बहुतेकांचं उत्तर एकच, "मॅडम, कंपनीतूनच सेट होऊन येतं." एकाने तर नळाचं पाणी टाकून शून्य करून दाखवलं. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र 35 वर चुकू शकतं, आणि आपल्याला काम 35 वरच असतं, कारण समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण तेवढे भाग मीठ असतं. या दुकानातल्या काकांनी काही न बोलता काउंटरखालून 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग) स्टँडर्डची, म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाची, बाटली काढली, काचेवर दोन थेंब सोडले, बुडबुडा राहिला नाही ना ते पाहिलं आणि यंत्र माझ्या हातात दिलं. त्यांच्या टाकीचं पाणी मग मीच तपासलं. साडेचौतीस.

दुकान म्हणजे एक गाळा. बाहेरून पाहिलं तर निळा उजेड आणि ओली फरशी, बाकी काही नाही. काका मूळचे मालवणचे. गिऱ्हाईक घाईत असलं की "घाई कित्याक करतास?" हे ठरलेलं. आमच्या दोन फुटी रीफ टाकीचं (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) सगळं सामान आणि पुढे त्यातले जीव मी इथूनच घेतले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला काहीच विकलं नाही. टाकी कुठे ठेवणार, कितव्या मजल्यावर, भिंतीखाली बीम आहे का, खिडकी पश्चिमेची आहे का, घरात दुपारी कोण असतं, एवढंच विचारलं. 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची टाकी म्हणजे काठोकाठ 121 लिटर. त्यात दगड, वाळू, काच आणि स्टँड धरला तर दीडशे किलोच्या पुढे जाते. त्याहून लहान टाकी स्वस्त पडेल असं मला वाटत होतं. काकांचं म्हणणं उलट : पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं, आणि नवख्या माणसाने तीस लिटरच्या नॅनोच्या, म्हणजे छोट्या टाकीच्या, वाटेला जाऊ नये.

नंतर पाणी. आपल्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं आणि नवी मुंबईकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण पिण्यासाठी चांगलं पाणी प्रवाळांना चालतंच असं नाही. त्यात क्लोरीन असतं, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट आलं तर शेवाळाची चंगळ. मी म्हटलं, घरी आरओ आहे. काकांनी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर दिला आणि सांगितलं, मोजून या. घरच्या प्युरिफायरचं पाणी भरलं 60. चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. रीफला हवं शून्य, म्हणजे आरओच्या मेंब्रेननंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा वेगळा टप्पा. तो संच इथे मिळतो. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी तयार खारं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये देतात. सुरुवातीला मी कॅनच नेले आणि प्रत्येक कॅन घरी तपासला. क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, कधी अर्ध्या पीपीटीच्या वर हलली नाही. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी मात्र हा मार्ग विसरा.

मीठ साधारण लिटरला 35 ते 38 ग्रॅम, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. ते टाकीत ओतायचं नाही, वेगळ्या टबात पंप लावून पूर्ण विरघळवायचं. आणि एकदा टाकी चालू झाली की रोज जे पाणी उडतं त्याची भरपाई गोड पाण्याने करायची, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, तरी लोक खारं पाणी ओततात आणि मग क्षारता चाळिशीला टेकली की मासे आजारी म्हणून येतात.

दगड आणि अ‍ॅरागोनाइटची वाळू टाकून पाणी भरलं. इथून पुढे या दुकानाची खरी परीक्षा होती, कारण दुसरीकडे याच टप्प्यावर "पाणी निवळलं ना, मग न्या मासे" म्हणतात. काकांनी जिवंत काहीही द्यायला साफ नकार दिला. आधी मुद्दाम अमोनिया (माशांच्या मलमूत्रातून होणारं विष) 2 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत दोन भागांपर्यंत, चढवायचा. तो 24 तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य झालं आणि नायट्रेट दिसू लागलं, तरच पुढचं बोलणं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जिवाणूंनी थोडे कमी. तोंडी सांगितलेलं त्यांना चालत नाही, रीडिंग लिहून नेलं तर वाचतात. आमच्या घरी या काळात सासूबाई पाहुण्यांना सांगत, "सूनबाईंनी दगड पाळलेत. दिवा लावतात त्यांना." मध्येच सगळ्यावर तपकिरी भुकटी चढली. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, होते. काकांकडे त्यावरची औषधाची बाटली शेल्फवर होती, तरी विकली नाही. सिलिकेट संपलं की जाईल म्हणाले, आणि गेली.

आता प्रवाळ. यासाठी मी या दुकानाला सगळ्यात जास्त गुण देईन. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ येतात. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत ते. समुद्री घोडे आणि समुद्री पंखेही (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) त्यात आहेत. तरी मोबाइलवर फोटो येतात, "अ‍ॅक्रोपोरा आहे, हॅमर आहे, घरपोच". दोन्ही कडक प्रवाळच. मी दुकानात असताना एक तरुण असाच फोटो घेऊन आला. काकांनी त्याला बसवलं आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेबद्दल सांगितलं. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार प्रवाळांनी भरलेलं आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेतच. "आपल्याच दारातला तोडून आणून आपल्याच घरात मारूचा?" तो मुलगा काही न घेता गेला. दुकानाचं त्या दिवशी नुकसान झालं असणार.

इथे मिळतात ते मऊ : झोअँथिड, मशरूम, लेदर, हिरवे स्टार पॉलिप. नवख्या माणसाला हेच बरे. त्यांना कडक प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम, अल्कलिनिटीचे (पाण्यातले कार्बोनेट) डोस मोजत बसावं लागत नाही, पाणी थोडं थोडं बदलत राहिलं तरी भागतं. झोअँथिड देताना काकांनी हातमोजे सोबत दिले. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. जखम असलेल्या हाताने ते हाताळू नयेत आणि त्यांचा दगड गरम पाण्यात टाकून किंवा उकळून कधीही साफ करू नये, वाफेतूनही ते बाधतं. लॅबमध्ये असून हे मला माहीत नव्हतं.

मासे फक्त क्लाऊनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात फ्लेमिंगो पाहायला आपण जातो, तिथेही समुद्री शोभिवंत माशांची पैदास करतात, हे मला काकांकडूनच कळलं. मासा निवडला की ते आधी आपल्यासमोर खायला घालून दाखवतात. न खाणारा देत नाहीत. दोघं लहान असताना नरच असतात, मोठा होईल तो मादी होतो, त्यामुळे एक मोठा आणि एक छोटा असे निवडून दिले. अ‍ॅनिमोन (क्लाऊन ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) मागितलं तर नाही म्हणाले, नवी टाकी त्याला झेपत नाही आणि क्लाऊनला त्याच्यावाचून चालतं. माझ्यानंतरच्या कुटुंबातल्या मुलाला सिनेमातला निळा मासा हवा होता. तो एक फुटापर्यंत वाढतो, त्यांची टाकी तीन फुटी. मुलगा रडला, आईने काकांकडे रागाने पाहिलं, मासा तिथेच राहिला.

तक्रारीही आहेत. चिलरची, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, गरज त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. डिसेंबरात "पंखा पुरेल" म्हणाले. पंखा पाणी उडवून दोन-तीन अंश कमी करतो हे खरं, पण दमट हवेत पाणी उडतच नाही, आणि टाकी 26 अंशांवर ठेवायची तर आपल्या एप्रिल-मेमध्ये चिलरला पर्याय नाही. चिलरचा खर्च पाच आकडी, वर तो खोलीत गरम हवा फेकतो. माशांआधीच आमचे लाखाच्या आसपास गेले, त्यात हा आकडा आधी कळता तर बरं झालं असतं. टेस्ट किट घेताना मुदत बघून घ्या. मला अल्कलिनिटीचं एक मुदत संपलेलं मिळालं होतं. दाखवल्यावर बदलून दिलं आणि शेल्फवरची बाकीचीही काढली, पण हे मी दाखवायला नको होतं. लाइट इथे महाग आहेत, बाहेरून घेतला तरी काका तोंड वाकडं करत नाहीत. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

घरी येऊन देखभाल करणारा त्यांचा मुलगा पाठवतात, ती सेवा मी घेणार नाही. तो दुसऱ्या कोणाच्या टाकीतली ओली जाळी घेऊनच दारात आला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशाच पाण्याच्या थेंबातून येतो, आणि प्रवाळ असलेल्या टाकीत तांब्याचं औषध टाकता येत नाही. त्याला चहा देऊन परत पाठवलं. काकांना सांगितल्यावर आता प्रत्येक घरासाठी वेगळी जाळी देतात म्हणे.

दुपारी दुकान बंद असतं, सोमवारी पूर्ण बंद. नवा माल शुक्रवारी रात्री उतरतो, म्हणून शनिवारी गर्दी असते. त्या दिवशी जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी जा, तोवर प्रवासाने खचलेले वेगळे काढलेले असतात आणि उरलेले खायला लागलेले असतात. जाताना आपल्या टाकीचं पाणी छोट्या बाटलीत न्या, ते फुकट तपासून देतात.