पाच वाणांचा तुंबा-संच: बी खणखणीत, माहितीपत्रक अर्धवट

या बियांच्या खोक्यात पाच पाकिटं आणि एक माहितीपत्रक येतं. कंबर असलेला बाटली तुंबा, लांब दांड्याचा पळी तुंबा, साठवणीचा मोठा गोल तुंबा, घोसाळं आणि रंगीबेरंगी छोट्या भोपळ्यांचं मिश्रण. सगळे सरळ वाण आहेत, संकरित एकही नाही. प्रत्येक पाकिटात आठ-दहा बिया आहेत आणि परसबागेला त्या भरपूर होतात. तुंब्याचा एक वेल मोकळा सोडला तर सहज पाच-सहा मीटर पळतो, त्यामुळे प्रत्येक वाणाचे दोन वेल जगवले तरी मांडव भरून जातो.

बियाण्याबद्दल तक्रार नाही. तुंब्याचं चांगलं बी चपटं, फिकट तपकिरी असतं, त्यावर उभ्या कडा आणि एका टोकाला दोन बोथट कान असतात. चिमटीत दाबून ते पिचकता कामा नये. या कसोटीवर पहिली तिन्ही पाकिटं उतरतात. घोसाळ्याचं बी काळं, टणक आणि भरलेलं आहे. बी पाण्यात टाकून तरंगणारं फेकून देण्याची सवय मात्र इथे नको. तुंब्याच्या बीचं जाड साल हवा धरून ठेवतं, त्यामुळे सशक्त बीसुद्धा तरंगतं.

पाचवं पाकीट या संचात का घातलं ते कळत नाही. तुंब्याचं शास्त्रीय नाव लॅजेनेरिया. त्याचं कवच वाळलं की लाकडासारखं कडक होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. रंगीत छोटे भोपळे ही कुकुरबिटा पेपो ही वेगळीच प्रजाती. त्यांचं साल पातळ असतं, रंग काही महिन्यांत उडतो आणि पुष्कळ फळं आतून कुजतात. शोभेला ठीक आहेत, पण खोक्यावर ‘उपयोगी’ असं छापलंय त्याला ती जागत नाहीत. शिवाय झुकिनी याच प्रजातीतली असल्यामुळे दोन्ही जवळ लावली तर झुकिनीचं पुढचं बी बिघडतं. पाकिटं सुटी मिळत असतील तर बाटली, पळी आणि घोसाळं घ्यावं. मोठा गोल तुंबा जागा असेल तरच.

आता माहितीपत्रक. ‘बी एक सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्यात उगवेल,’ एवढ्यावर त्यांनी पेरणी उरकली आहे. तशीच पेरली तर तुंब्याची बी दोन-तीन आठवडे मातीत पडून राहते आणि माती गार असली तर कुजते. बीच्या दोन्ही कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने हलक्या घासाव्यात, आतला गर दिसेपर्यंत नव्हे. मग कोमट पाण्यात १२ ते २४ तास भिजवून दोन ते अडीच सेंटिमीटर खोल पेरावी. मातीचं तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असलं की उगवण एकसारखी होते. कधी कधी बीचं साल टोपीसारखं बीजपत्रांना चिकटून राहतं. ते ओढून काढलं तर कोवळा शेंडा तुटतो. पाणी शिंपडून तासाभराने अलगद सोडवावं. वेलाला मुळं हलवलेली खपत नाहीत, म्हणून रोप करायचं तर कागदी कपात करावं आणि दोन-तीन खरी पानं आली की कपासकट लावावं.

आळ्यात कुजलेलं शेणखत भरपूर घालावं, पण वाढ सुरू झाल्यावर नत्र आवरतं घ्यावं. नाहीतर नुसता हिरवागार पाला माजतो.

‘वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही’ या नेहमीच्या तक्रारीला दोन कारणं असतात. पत्रकात दोन्हींचा पत्ता नाही. पहिलं कारण वेलाच्या स्वभावात आहे. तुंब्याच्या मुख्य वेलावर बहुतेक नर फुलंच येतात, मादी फुलं बगलफुटींवर, म्हणजे बाजूला फुटणाऱ्या फांद्यांवर धरतात. मुख्य वेल तीन मीटरच्या आसपास गेला की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलफुटी जोरात निघतात. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे इवलासा लवदार तुंबा असतो. दुसरं कारण वेळेचं. तुंब्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतात. त्यांच्याकडे पतंग येतात, मधमाश्या फारशा नाहीत. बाग दिव्यांच्या उजेडात असेल किंवा पतंग कमी असतील तर दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचे. सकाळी नऊला हे करून उपयोग नाही. घोसाळ्याची पिवळी फुलं मात्र सकाळी उमलतात आणि मधमाश्या ते काम चोख करतात.

पळी तुंब्याला किमान दोन मीटर उंचीचा मांडव लागतो. फळ लोंबतं राहिलं तर दांडा सरळ उतरतो, जमिनीवर टेकलं की वेटोळं घेतो. मोठा गोल तुंबा उलट जमिनीवरच बरा, खाली पेंढा किंवा फळी घालून. वेलावर दोन-तीनच फळं ठेवावीत. बूड सपाट हवं असेल तर फळ कोवळं असतानाच रोज थोडं थोडं करून उभं करावं. एका दमात वळवलं तर देठच मोडतो.

किडींबाबत पत्रक बरं आहे. कोवळ्या रोपावरचे तांबडे भुंगेरे सकाळी हाताने वेचा, फळमाशीसाठी सापळा लावा, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली की पाला विरळ करा, हे सगळं बरोबर लिहिलंय. फळधारणेनंतर लगेच फळाला पातळ कापडी पिशवी बांधली तर फळमाशीचा डंख टळतो, एवढी भर त्यात घालायला हवी.

सर्वांत मोठी चूक काढणीची आहे. ‘फळ पूर्ण आकाराचं झालं की तोडा,’ असं छापलंय. आकार आधी पूर्ण होतो, कवच नंतर भरतं. त्या टप्प्यावर तोडलेला तुंबा सुकताना सुरकुततो आणि खचतो. लावणीपासून मोठ्या फळांना १२० ते १५० दिवस हवेत आणि देठ तपकिरी होऊन वाळायला हवा. तोपर्यंत नख लावून पाहू नये, व्रण कायमचा राहतो. तोडताना पाच सेंटिमीटर देठ ठेवावा. मग सावलीत, हवेशीर जागी, जाळीवर किंवा टांगून सुकवायचं, एकमेकांना चिकटू न देता. लहान फळाला महिना-दोन महिने, मोठ्याला सहा महिनेही लागतात. यादरम्यान सालावर काळी-पांढरी बुरशी येते. घाबरून फेकू नका, कोरड्या फडक्याने पुसा. फळ मऊ पडलं किंवा पाणी सुटलं तरच गेलं समजावं. हलवल्यावर बिया खुळखुळल्या आणि हाताला हलकं लागलं की तयार.

सुकलेला तुंबा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की मग तारेच्या घासणीने वरची साल निघते. कापताना आणि आतला गर खरवडताना मास्क हवाच, ती धूळ घशाला झोंबते. पाण्याचं भांडं करायचं असेल तर कडवटपणा जाईपर्यंत पाणी बदलत भिजत ठेवावं. पक्ष्यांच्या घरट्यासाठी तीन-चार सेंटिमीटरचं भोक पाडावं आणि बुडाला निचऱ्याची बारीक छिद्रं विसरू नयेत. अंग घासायच्या जाळीसाठी घोसाळं वेलावरच तपकिरी आणि हलकं होऊ द्यावं, साल सुटतं आणि बिया झटकून काढता येतात.

‘पुढच्या हंगामासाठी बी राखा,’ हा सल्ला तर अर्धवट असल्यामुळे धोक्याचा आहे. पहिले तिन्ही तुंबे एकाच प्रजातीचे असल्यामुळे त्यांचा आपसात आणि खायच्या दुध्या भोपळ्याशीही संकर होतो. यंदाच्या फळात काहीच दिसत नाही, कारण कवच आणि आकार आईवेलाचा असतो. घोटाळा पुढच्या पिढीत उघड होतो: बाटलीला कंबर नाही, पळीला दांडा नाही, दुध्या कडू. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा, विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. भोपळा कडू लागला की घास थुंकून टाकावा. बी राखायचं तर उमलायच्या दिवशी दुपारीच नर आणि मादी कळ्यांवर कागदी पिशवी चढवावी, संध्याकाळी त्याच वाणाचा पराग हाताने लावावा, पिशवी पुन्हा बांधावी आणि फळ धरल्यावर देठाला रंगीत दोरा बांधावा. बी त्याच फळातून घ्यायचं. घोसाळ्याचा तुंब्याशी संकर होत नाही, त्याला ही काळजी फक्त दुसरं घोसाळं किंवा दोडका शेजारी असेल तर. सुकलेलं बी हवाबंद डब्यात, थंड जागी, वाण आणि वर्ष लिहून ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवतं.