एचपेट की टीएससी-डेडलाइन? दोन्ही संगणकातले टायमर: ठरलेली वेळ आली की प्रोसेसरला इंटरप्ट (हातातलं काम थांबवायचा इशारा) देतात.
दादरला फास्ट चुकली तर मागून दुसरी येते. एचपेटचं तसं नाही. त्याचा कंपॅरेटर (चालता काउंटर आणि ठरलेली वेळ ताडून पाहणारा भाग) फक्त नेमकी बरोबरी पाहतो. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) वेळ लिहीपर्यंत काउंटर पुढे सरकला, तर इंटरप्ट हुकलाच. १४.३१८ मेगाहर्ट्झवर ३२ बिटी काउंटर फिरून यायला सुमारे ५ मिनिटं लागतात! (तेवढ्यात माणूस माटुंगा ओलांडतो.) म्हणून लिहून झाल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा आणि वेळ टळली असेल तर पुढची द्यायची.

टीएससी-डेडलाइन प्रोसेसरमधल्या टीएससी काउंटरकडे पाहते आणि ‘तेवढं किंवा जास्त’ बघते. उलटलेली वेळ दिली तरी इंटरप्ट लगेच येतो. शून्य लिहिलं की मात्र टायमर बंद. शिवाय एक्सएपिक मोडमध्ये (प्रोसेसरच्या इंटरप्ट कंट्रोलरचा एक मोड) एलव्हीटी, म्हणजे टायमरची सेटिंग असलेलं रजिस्टर, लिहिल्यावर एमफेन्स (आधीचं लिहिणं पुरं होईपर्यंत थांबवणारी सूचना) हवाच, नाहीतर डेडलाइन वाया जाऊ शकते. प्रोसेसरमध्ये सोय असेल तर मी हीच घेतो.