मुंबईजवळचे परवडणारे बिऱ्हाड: उरणमध्ये राहण्याचा अनुभव

मुंबईत भाड्याचे घर परवडेनासे झाले की बहुतेक कुटुंबे बदलापूर, विरार किंवा पनवेलकडे वळतात. बंदराच्या पलीकडच्या काठावर, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाता येईल इतक्या अंतरावर असलेले उरण सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्ही परळमधले घर सोडून आईसह उरणला भाड्याने राहायला आलो, त्याला आता सर्व ऋतू पाहून झाले आहेत. ज्यांची नोकरी दक्षिण मुंबईत किंवा बेलापूर-नेरूळ पट्ट्यात आहे त्यांनी उरण जरूर पाहावे, मात्र घर जुन्या गावात घ्यावे, द्रोणागिरी नोडमधल्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या नव्या वसाहतीतल्या, इमारतींत घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

नोडमधली घरे दिसायला आकर्षक आहेत. लिफ्ट आहे, वाहनतळ आहे आणि भाडेही मुंबईच्या मानाने फारच कमी आहे. परंतु तिथून बाजाराला, दवाखान्याला किंवा शाळेला जायचे म्हटले की रिक्षा किंवा दुचाकी लागतेच, आणि रस्त्यावर जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरची वर्दळ असते. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरामुळे तालुक्याला रोजगार मिळाला हे खरे असले, तरी रस्त्याकडेला उभे केलेले ट्रेलर, त्यांची धूळ आणि रात्रीच्या वेळी त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीस्वार पाहिले की घरात शाळकरी मूल असणाऱ्याने काय निवडावे, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. जुन्या गावात इमारती लहान आणि गल्ल्या अरुंद आहेत, काही ठिकाणी अजून कौलारू घरे आणि पडव्या टिकून आहेत, आणि उरणावतीचे देऊळ, भाजीबाजार, औषधांचे दुकान व पिठाची गिरणी हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. सासरमाहेर मुंबईतच असलेल्या माझ्या आईला इथे पहिल्याच महिन्यात शेजारणींची सोबत मिळाली. परळच्या चाळीची जागा टॉवरने घेतल्यापासून ती सोबत तिला दुरावली होती.

रेल्वेने उरणचे चित्र बदलले आहे. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला होता. पुढे उरणपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. उरण स्थानक प्रशस्त आहे आणि जुन्या गावात पायी जाता येते. मात्र छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी थेट गाडी नाही, नेरूळ किंवा बेलापूरला उतरून गाडी बदलावी लागते, आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची बरीच वाट पाहावी लागते. मुंबईकराला लोकलचे वेळापत्रक पाहण्याची सवय नसते. इथे ते पाठ करावे लागते. बेलापूरला काम असणाऱ्यासाठी मात्र ही सेवा उत्तम आहे, कारण उरणहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते.

फोर्ट, मशीद किंवा माझगाव भागात काम असेल तर खरी सोय उरणच्या मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची आहे. साधारण तासाभराचा हा प्रवास रेल्वेपेक्षा सरळ आहे. वाऱ्यावर बसून जाता येते, आणि ज्याने आयुष्यभर दादरच्या पुलावर धक्के खाल्ले आहेत त्याला या प्रवासाची किंमत कळते. परंतु ही सेवा समुद्राच्या वेळेवर चालते, हे घर घेण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे. मोरा बंदरात गाळ साचतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती मोठी असते तशीच ओहोटीही खोल जाते. त्या वेळी लाँचला धक्क्याला लागण्यापुरतेही पाणी उरत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. त्या वेळेत धक्क्यावर गेलात तर एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या दिसतात, त्यांवर चिकटलेली कालवांची कवचे दिसतात आणि पुढे नुसता काळा चिखल पसरलेला असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ही अडचण सहसा येत नाही. आमच्या घरी दिनदर्शिकेवर आता दुधाच्या हिशेबाबरोबर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळाही लिहिलेल्या असतात, आणि त्या दिवशी मी न चुकता रेल्वेने जातो. पावसाळ्यात तिकीटदर वाढतो आणि वादळाचा इशारा आला की सेवा थांबते. ते योग्यच आहे. बारमाही गाळ काढण्याचे काम मात्र मनापासून व्हायला हवे, कारण एवढ्या एका गोष्टीमुळे हजारो लोकांची रोजची नोकरी सांभाळली जाईल.

अटल सेतूचा उल्लेख इथले सर्व दलाल करतात. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंतचा हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल वेळ वाचवतो यात शंका नाही, परंतु मोटारीला एकेरी २५० रुपये टोल रोज भरायचा असेल तर उरणला राहून वाचवलेले भाडे टोलनाक्यावरच संपेल. या पुलाच्या नावावर वाढीव भाडे मागणाऱ्या एका दलालाला आम्ही नकार दिला आणि गावातल्या किराणा दुकानदाराच्या ओळखीने घर मिळवले.

खाण्यापिण्याच्या बाबतीत उरणला मी पूर्ण गुण देतो. जवळच्या करंजा बंदराची मासळी ताजी मिळते, आणि पावसाळी मासेमारी बंदीच्या काळासाठी सुकी मासळी वैशाखातच भरून ठेवण्याची इथली पद्धत आम्हीही उचलली आहे. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, विकणाऱ्या मावशींनी आईला ते पारखायला शिकवले: सोडा दोन बोटांत धरून वाकवायचा, कटकन मोडला तर घ्यायचा, नुसता वाकला तर ऊन कमी पडले आहे असे समजून परत ठेवायचा, कारण तो डब्यात आषाढापर्यंतही टिकणार नाही. एकदा आमच्यासमोरच त्यांनी आपल्याच पाटीतले सोडे बाजूला काढून, अजून दोन दिवस वाळू देत, मग या, असे सांगितले.

नव्याने येणाऱ्याने या भूमीचा इतिहासही जाणून घ्यावा असे मला वाटते. नवी मुंबई आणि बंदरासाठी इथल्या आगरी, कोळी व कराडी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना पुढे आली. आज द्रोणागिरीत उभ्या राहिलेल्या अनेक इमारती याच योजनेतल्या भूखंडांवर आहेत. तिथे सदनिका विकत घेणाऱ्याने भूखंडाची कागदपत्रे, वारसांच्या सह्या आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय विसार देऊ नये.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. शहराला रानसई धरणाचे पाणी मिळते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस साठा खालावला की पाणीकपात सुरू होते. घरमालकाकडे साठवणटाकी किती मोठी आहे हे भाड्याच्या आधी विचारावे. किनाऱ्यावर तेल आणि वायूचा मोठा प्रकल्प आहे, तिथे ३ सप्टेंबर २०१९ रोजी लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला होता, त्यामुळे प्रकल्पाच्या अगदी लगतचे घर कितीही स्वस्त मिळाले तरी मी घेणार नाही. सर्वांत मोठी उणीव वैद्यकीय सोयींची आहे. ताप, खोकला, प्रसूती यांसाठी गावात डॉक्टर आहेत, पण हृदयविकाराचा झटका किंवा डोक्याला मार अशा प्रसंगी पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते आणि वाटेत ट्रेलरची कोंडी असू शकते. त्यामुळे आईच्या तपासण्यांची फाईल आम्ही नेरूळच्या डॉक्टरांकडे ठेवली आहे आणि ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे क्रमांक तिच्या फोनमध्ये भरून दिले आहेत. एवढी व्यवस्था लावून आम्ही भाडेकराराचे नूतनीकरण केले आहे, ते याच जुन्या गल्लीत.