काळ्या टेपखालची चीर

जुनी रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची वेगवान सायकल, घेताना सपाट रस्त्यावर मारलेल्या चकरेवर भरवसा ठेवू नका. सपाटीला फ्रेमवर फारसा ताण येत नाही, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. माझ्या गळ्यात सायकल मारणाऱ्याने याचाच फायदा घेतला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण अशा सायकलीवरून कुणी घाट उतरला तर जिवावर बेतेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

जाहिरात अशी होती: कार्बन फ्रेम, शिमानो १०५ (शिमानो कंपनीचा गिअर-ब्रेकचा संच), एकच मालक, किंमत ६२,००० रुपये. अशी सायकल नवी घ्यायची तर दीड लाखाच्या वर जाते. माणूस बोलायला गोड. ‘दादा, बदली झालीय म्हणून काढतोय, नाहीतर कधी विकली नसती.’ सायकल कधी पडली होती का, हे मी चॅटवर विचारलं, तर ‘एकदाही नाही’ असं त्याने लिहून दिलं. चक्कर मारायला नदीकाठचा सपाट रस्ता त्यानेच सुचवला. गिअर, ब्रेक, चाकं सगळं पाहिलं, चेनची झीज मापाच्या पट्टीने मोजली. कुठेच खोट दिसेना. डाउनट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) तळाशी, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) जरा वर, रुंद काळी टेप चिकटवलेली होती. विचारलं तर म्हणाला, ‘पुढच्या चाकाचे खडे उडतात ना, त्यासाठी.’ अशी टेप लोक खरोखरच लावतात. बिल गावाकडे राहिलंय, पाठवतो म्हणाला; ते कधीच आलं नाही.

पुण्यात रोड बाइक घेतली की पहिला चढ सिंहगडाचाच. खडकवासल्यापर्यंत सायकल छान पळाली. डोणजे मागे पडलं, गोळेवाडीचा नाका ओलांडला आणि घाट सुरू झाला. तिथून वरच्या पार्किंगपर्यंत नऊएक किलोमीटर रस्ता, चढाई सहाशे मीटरच्या घरात, आणि काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्याही वर. अशाच एका वळणाआधी सीटवरून उठून जोर लावला आणि चेन खट्कन दात सोडून उडाली. पाय रिकामाच खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. चेन नवी कोरी होती, पण कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, झिजलेली. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन चढवली की चेनचं माप बरोबर येतं, हलक्या पायाने चालवली तर काही जाणवतही नाही. जोर लावला की जास्त झिजलेल्या चकत्यांवरून चेन उडते.

त्याहून वाईट होता तो आवाज. उजवं पेडल दाबलं की खालून कोरडा ‘कट्’. बसून चालवली की बंद, उभं राहिलं की पुन्हा सुरू. कठड्याला सायकल टेकवली आणि ती टेप नखाने उचकटली. खाली वेगळ्याच रंगाचा किंचित फुगीर थर, आणि त्यातून आडवी गेलेली केसाएवढी चीर. मागचा ब्रेक धरून पेडलवर भार दिला की चीर उघडायची, पाय काढला की मिटायची. नाण्याने ट्यूबवर वाजवून पाहिलं. वरच्या भागात खणखणीत ‘टक्’, चिरेपाशी मेलेला ‘थप्’.

तिथून सायकल हातात धरून गड उतरलो. स्टीलची फ्रेम बहुतेक वेळा आधी वाकते, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. कार्बन वाकत नाही. आतले चिकटवलेले धाग्यांचे थर सुटत जातात आणि एखाद्या खड्ड्यात फ्रेम एका क्षणात तुटते. सिंहगडाच्या उतारावर सायकल सहज चाळीस-पन्नासचा वेग घेते.

मेकॅनिकने सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि बॉटम ब्रॅकेट काढून आत टॉर्च मारला. आतले धागे सुटलेले, वरून पुटी भरून रंग दिलेला. कार्बनची रीतसर दुरुस्ती होते, त्यात खराब भाग घासून नवे थर बसवतात. इथे फक्त चीर झाकली होती. बॉटम ब्रॅकेटखाली फ्रेमचा नंबर असतो, तोही घासून काढलेला. म्हणजे सायकल चोरीचीही असू शकते.

तुम्ही घेणार असाल तर व्यवहाराआधी विकणाऱ्याला सोबत घेऊन खऱ्या चढावर चला, उभं राहून जोर लावा. फ्रेमवरची प्रत्येक टेप आणि स्टिकर त्याच्यासमोर काढायला सांगा. नंबर वाचता येत नसेल तर किंमत कितीही कमी असो, ती सायकल नको. आणि ‘पडलेली नाही’ हे चॅटवर लेखी घ्या. पोलिसांकडे दिलेल्या अर्जात मला त्याचाच आधार मिळाला.

त्याला फोन केला तेव्हा ‘तुम्हीच पाडली असेल’ म्हणाला आणि नंतर नंबर ब्लॉक केला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला आहे; सोबत जाहिरात, चॅट, यूपीआयची पावती आणि चिरेचे फोटो. अजून त्यावर काही हललेलं नाही. फ्रेम मी मोडीत दिलेली नाही. ती पुरावा आहे, आणि पुन्हा रंगवून कुणाला विकली जाऊ नये म्हणून माझ्याकडेच ठेवली आहे.