कानामागचं मशीन: सात महिन्यांनंतर, विंगेतल्या बाईचा अभिप्राय

आधीच सांगून टाकते: ऐकू येण्याचं हे मशीन चांगलं आहे, गरज असेल तर लाजू नका, घ्या. दुकानाबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, वय ६९. नोकरी शाळेच्या ऑफिसात झाली, पण जीव संध्याकाळच्या कामात. हौशी नाटकांना तीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नट अडकला की पुढचे दोन शब्द असे सोडायचे की त्याला मिळावेत आणि पहिल्या रांगेला कळू नयेत. या सवयीमुळेच कान गेल्याचं मला फार उशिरा कळलं. समोरचा काय बोलणार हे पाठ असलं की ऐकू नाही आलं तरी भागतं. आणि आमच्याकडे हे बेचाळीस वर्षं तीच वाक्यं बोलतायत.

बिंग फुटलं ते शेवेवरून. "शेव आणू का?" विचारलं, मला ऐकू आलं "एव". वडोदऱ्यात राहून शेव ऐकू येत नाही म्हणजे फारच झालं, म्हणून तपासणीला गेले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक टीं वाजलं की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर असतात. माझा आलेख डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांना, बरा; उजवीकडे, वरच्या सुरांना, घसरगुंडी. वयामुळे आधी वरची पट्टी जाते, आणि स, श, फ, थ यांचा जीव तिथेच. अ, आ असे स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. घरचे ओरडून बोलतात तेव्हा मोठे होतात ते बरेचसे स्वरच, आणि आपल्याला वाटतं माणूस उगाच खेकसतोय.

आता दुकान. नाव लिहीत नाही. मशीन लावणारा मुलगा कामात हुशार, पण पाऊण तास बोलला माझ्या लेकाशी. "बाने संभळाय छे?" म्हणजे आईला ऐकू येतंय का? बा त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलेली, कानात त्यानेच घातलेलं ७४,००० रुपयांचं नवंकोरं यंत्र. मी म्हटलं, "बाने बधुं संभळाय छे, भाई." तो हसला आणि पुन्हा लेकाकडे वळून बॅटरी कशी बदलायची ते सांगू लागला. ऐकू येण्याचं यंत्र विकणाऱ्यानं ऐकणाऱ्याशीच बोलू नये! याचे दोन तारे कापले.

बॅटरीचं त्यानं अर्धवटच सांगितलं, म्हणून मी सांगते. माझ्या मशीनला ३१२ नंबरची लागते, तपकिरी स्टिकरवाली. ती हवेवर चालते. स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेवायची, मग आत घालायची. एकदा स्टिकर काढलं की परत चिकटवून काही वाचत नाही. मला एक बॅटरी सहा दिवस जाते. रात्री झाकण उघडं ठेवायचं. कानातला मळ अडवणारी जाळी वेळेवर बदलायची, नाहीतर एक दिवस सगळं जग घशात बोळा घातल्यासारखं बोलायला लागतं.

चिवडा खाताना मात्र काढून ठेवा. स्वतःच्याच डोक्यात कुणीतरी गिट्टी फोडतंय असं वाटतं.

आमचा शनिवारचा वर्ग असतो, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सर घेतात. मशीन आल्यावर पहिल्याच शनिवारी बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी निघाली. हे सगळं पाण्यात ओतप्रोत, मग पाणी कशात? वाऱ्यात. मग वारा कशात? असं ती विचारत विचारत ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि याज्ञवल्क्य म्हणतात, आता पुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी गप्प होते, आणि पुढे पुन्हा उठून आणखी दोन प्रश्न घेऊन येते. मला ती बाई फार आवडली. पण माझ्यातली प्रॉम्प्टर म्हणाली, हा प्रवेश महाकठीण. प्रत्येक वाक्य सारखं, नट एक पायरी गाळून थेट वर पोचला की परत कसा आणायचा?

सरांना हे सांगितलं तर त्यांनी प्लेटो काढला. सॉक्रेटिसनं स्वतः एक ओळ लिहिली नाही, त्याला बोलताना आपण ऐकतो तो मुख्यतः प्लेटोच्या संवादांतून, आणि प्लेटो स्वतः त्या संवादांत कधी तोंड उघडत नाही. मी म्हटलं, म्हणजे विंगेत बसलाय. त्याच्या 'रिपब्लिक'च्या सुरुवातीला थ्रॅसिमॅकस सॉक्रेटिसशी चांगला भांडतो, पण पुढे पानंच्या पानं समोरचा "हो, बरोबर" एवढंच म्हणतो. असल्या भूमिका कुणालाच पाठ होत नाहीत. भांडणाची वाक्यं लक्षात राहतात, होकार राहत नाहीत. वर्गासाठी मशीनला दहापैकी नऊ.

सिनेमाचा अनुभव गमतीचा. टीव्हीवर 'पुष्पक' लागला होता, १९८७ चा, संवाद अजिबात नसलेला. हे म्हणाले, "आज मशीनला सुट्टी." मीही काढून ठेवलं. त्यात तो गरीब नायक मोठ्या हॉटेलात मऊ गादीवर तळमळत असतो, काहीतरी टेपवर भरून आणतो, लावतो आणि गाढ झोपतो. हे हसून लोळले आणि मी नुसती बघत राहिले. त्याला जुन्या खोलीत शेजारच्या थिएटरच्या गोंगाटात झोपायची सवय, तोच आवाज त्यानं भरून आणला होता! बोलणं नाही म्हणून कान काढून ठेवला आणि विनोद तिथेच निसटला.

खरी परीक्षा गांधी नगरगृहात झाली, मराठी नाटकाच्या प्रयोगाला. शब्द लख्ख आले, 'स'कट. घोटाळा पॉझला झाला. हे मशीन हळू आवाजाला जास्त उचलतं, मोठ्याला कमी. त्यामुळे नटी थांबली, सभागृह थांबलं, आणि माझ्या कानात पंखा, मागच्या रांगेतला वेफर्सचा कागद आणि कुणाच्या तरी बांगड्या पुढे सरसावल्या. विंगेत मला दोन प्रकारचे पॉझ ओळखता यायचे. विसरलेला नट श्वास घेतो आणि धरून ठेवतो. घेतलेल्या पॉझमध्ये श्वास चालू असतो. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आम्ही केलं तेव्हा संहितेत टिंबंच टिंबं, एक नवा मुलगा तीन टिंबांना मनात तीन आकडे मोजायचा. आणि शेवटचं नायिकेचं, बेणारेचं स्वगत! बाकी सगळे गोठलेले, तिला सावरून घेणारं रंगमंचावर कुणी नाही. त्या दहा मिनिटांत मी तिचा नुसता श्वास ऐकत बसायचे. नगरगृहात मला तो श्वास ऐकू आला नाही, वेफर्स आले.

परत दुकानात गेले. या वेळी तिथे एक मुलगी होती. "मॅडम, कुठे त्रास होतो?" असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पॉझमध्ये. तिला कळलं नाही, मग करूनच दाखवला. तिनं हळू आवाजाची उचल कमी केली आणि नाटकासाठी वेगळा प्रोग्राम भरून दिला. एक तारा परत देते.

वेफर्स आता जरा लांब गेलेत. श्वास अजून येत नाही. पुढच्या प्रयोगाचं तिकीट पहिल्या रांगेत, विंगेच्या बाजूचं काढलंय.