गाडी ३४ मिलिमीटर लो केली : बेळगावात नऊ महिने चालवल्यानंतर

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा सेट १९,५०० रुपयांना आला. गाडी माझ्या मनासारखी चालायला लागली तोवर एकूण आकडा ४२,३०० वर गेला होता. मधले २२,८०० रुपये कशात गेले हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, केए-२२ पासिंग, स्प्रिंगा घातल्या तेव्हा ९४ हजार किलोमीटर झालेली. मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे आणि कामासाठी आठवड्यातून एकदा कोल्हापूर ठरलेलं. निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट उतरताना गाडी वळणावर एका बाजूला कलायची, आणि मागे बसलेला माणूस वरचं हँडल धरायचा. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. गाडी खाली बसल्यावर दिसते छान, ते मलाही आवडतंच, पण मुद्दा तो नव्हता.

आधी स्वस्तातल्या वाटेबद्दल बोलतो, कारण आमच्याकडची निम्मी पोरं तीच धरतात : मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापायचा. सहा चालते (म्हणजे प्रत्यक्ष दबणारे) वेढे असलेल्या स्प्रिंगेतला एक काढला की ती सुमारे २० टक्के ताठ होते, एवढं गणित खरं आहे. पण कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. त्यात गॅस कटरने कापली असेल तर तापलेल्या भागाचं टेंपर (भट्टीत आणलेला कणखरपणा) जातं. आम्ही रोज हीट ट्रीटमेंटचे जॉब हाताळतो, त्यामुळे हे बघवत नाही. बनवून घेतलेल्या स्प्रिंगेत तार जाड घेता येते, आणि ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे तार पाच टक्के जाड केली तरी ताठपणा जवळपास २१ टक्के वाढतो. गाडी खाली येते तेव्हा हा वाढीव ताठपणा लागतोच, कारण दबायला जागा कमी उरलेली असते. म्हणून माझं आजही ठाम मत आहे : पैसे नसतील तर थांबा, पण स्प्रिंग कापू नका.

पहिल्या गॅरेजातून गाडी न उघडताच परत आणली. तिथला पोरगा शॉकअपचा रॉड पकडीने धरून वरचा नट गनने सोडवणार होता. त्या चकचकीत रॉडवर एक ओरखडा उठला की तो प्रत्येक हेलकाव्याला सील घासतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. नंतर शहापुरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गाडीखाली झोपून अर्धा तास नुसतं बघितलं आणि वर येऊन म्हणाले, "मागचं काय नाही ओ, तासात होतंय. पुढं मात्र दिवस जातोय बघा."

झालंही तसंच. मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) जॅकवर अलगद सोडायचा, ब्रेकची होज ताणली जात नाही ना एवढं बघायचं, की स्प्रिंग हातात येते. पाऊण तासात दोन्ही बाजू झाल्या.

पुढचं काम वेगळंच. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, त्यामुळे तो अख्खा जोड, म्हणजे स्ट्रट, बाहेर काढावा लागतो. लिंक रॉडचा नट दहा पावसाळ्यांत गंजून एक झाला होता. एलन की घालून धरलं तर की गोल झाली. मिस्त्री म्हणाले, "नट नुसता फिरायलाय, कापूया काय?" कापला. म्हणजे नवे लिंक रॉड आले, जोडी १,६०० रुपये. मग स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे हुक आणि स्क्रूच्या हत्याराने, मूळ स्प्रिंग दाबायची. त्याच्या हुकांमध्ये दाबून धरलेला जोर सुटला तर हात तुटू शकतो. मिस्त्री दोन्ही स्क्रू आलटून पालटून दोन-दोन फेऱ्यांनीच फिरवत होते आणि मला स्प्रिंगेच्या रेषेतून बाजूला उभं केलं होतं. घरी हे करू नका. भाड्याने मिळणारे पातळ हुकांचे कॉम्प्रेसर मी पाहिलेत, त्यांवर माझा भरवसा नाही.

स्ट्रट उघडल्यावर दिसलं की वरचं माउंटिंग फाटलंय आणि बेअरिंग खरखरतंय. तिथवर पोचायला पाच तास गेल्यावर जुनंच माउंटिंग परत बसवणं मूर्खपणा झाला असता. दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग ३,२००, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की आधार देणारे रबर) आणि धूळ अडवणारे रबरी पायमोजे १,१००, मजुरी ४,५००. अलाइनमेंट दोनदा, १,२००. पहिल्या फेरीचा हिशोब स्प्रिंगांसकट ३१,१००.

एक गोष्ट मिस्त्रींनी केली ती आवर्जून सांगतो, कारण ती फार जण करत नाहीत. ज्या बोल्टमध्ये रबरी बुश आहे ते त्यांनी गाडी हवेत असताना नुसते लावून ठेवले आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन आल्यावरच पूर्ण आवळले. हवेत आवळले तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीतच पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमच्या मिस्त्रींना कामाआधी हे नक्की विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

मी हबच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजलं. पहिल्या दिवशी पुढे ३१ आणि मागे २६ मिलिमीटर उतरली होती. दोन आठवड्यांनी स्प्रिंगा बसल्यावर पुढे ३४, मागे २८. म्हणून दुसरी अलाइनमेंट लागते. पुढची चाकं वरून आत झुकतात त्याचा टायरला थोडा त्रास असतोच, पण खरा मार टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडल्याचा बसतो. पहिल्या नि दुसऱ्या अलाइनमेंटच्या मध्ये मी जेमतेम सहाशे किलोमीटर चालवली, तरी पुढच्या डाव्या टायरची आतली कड बोटाला खरखरीत लागायला लागली होती. हेडलाइटही बघून घ्या. पुढची बाजू मागच्यापेक्षा सहा मिलिमीटर जास्त उतरली आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २,४३० मिलिमीटर आहे, म्हणजे ३० मीटरवर प्रकाश सात सेंटीमीटर खाली पडतो. दिवसा कळत नाही, पण कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या धुक्यात लगेच कळतं.

पहिले तीन महिने मी अगदी खूश होतो. तवंदीला गाडी वळणात शिरली की एकदाच टेकते आणि तशीच राहते, स्टीअरिंग परत परत सावरावं लागत नाही. हायवेवर ऊसाच्या ट्रॉलीला ओलांडून परत लेनमध्ये येताना पूर्वी शेपूट हलायचं, ते थांबलं. मात्र कल मला वाटला होता तितका कमी झाला नाही. गाडी खाली आली की पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होतो किंवा बाहेरून वर उचलला जातो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीच्या वजनाचा मध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतो, म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी कलायला जोर मिळतो. स्प्रिंगेने कमावलेलं थोडं तिथे परत जातं. म्हणून याहून खाली जाण्यात अर्थ नाही. मला आज परत घ्यायच्या असत्या तर २५ मिलिमीटरच्याच घेतल्या असत्या.

मार्चमध्ये पुढचा डावा शॉकअप गळायला लागला. चूक माझीच. ९४ हजार चाललेले शॉकअप मी तसेच ठेवले होते. ताठ स्प्रिंग दबून परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं, आणि दमलेल्या शॉकअपकडून ते होत नाही. हंपवरून उतरल्यावर गाडी दोनदा डोलायची. चारही शॉकअप कंपनीचेच नवे घातले : ८,२०० रुपये, वर परत ३,००० मजुरी, कारण पुढचे स्ट्रट पुन्हा उघडावे लागले. नोव्हेंबरमध्ये स्प्रिंगांबरोबरच घातले असते तर ही मजुरी वाचली असती. जास्त चाललेल्या गाडीला स्प्रिंगा घालणार असाल तर शॉकअपचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा.

आता हंप. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा हंप १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून माझी गाडी चौघे बसूनही जाते. खानापूरच्या बाजूला गावोगावी जे हंप आहेत ते उंचीला तेवढेच असतील, पण रुंदी हातभर. पुढची चाकं उतरतात आणि पोट वर टेकतं. जमिनीपासूनच्या मूळ १७० मिलिमीटर उंचीतले ३४ गेलेत हे तिथे जाणवतं. तिरकी घेऊन, एका वेळी एक चाक चढवत जायची सवय केली. तरी जूनमध्ये जांबोटीच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा कळला नाही, चेंबरखालचं (इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखालचं) प्लॅस्टिक गार्ड फाटलं. चेंबर वाचलं हे नशीब.

आईचं म्हणणं मात्र मला टाळता येत नाही. गावाहून येताना ती, वडील, बहीण आणि डिकीत तांदळाची दोन पोती होती. प्रत्येक खड्ड्याला मागचा बंप स्टॉप लागत होता. घरी उतरताना ती म्हणाली, "गुडघं आधीच दुखतेत, त्यात आता खालून उठायचं." सीट तीन-साडेतीन सेंटीमीटर खाली गेली तर एवढा काय फरक पडणार, असं मला वाटलं होतं. तिच्या वयाला तो फरक मोठा आहे, आणि गाडीला हात लावण्याआधी मी तिला एकदा बसवून बघायला हवं होतं.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलंय. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. अपघातानंतर हे बाहेर येण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

मी स्प्रिंगा काढणार नाही. एकटा किंवा दोघं असू, कोल्हापूरचा रस्ता असेल, तर ही गाडी मला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भरवशाची वाटते. ज्याच्या घरात एकच गाडी आहे आणि तीच गावाला, शेताला, दवाखान्याला जाते, त्याला मात्र मी नको म्हणेन. त्याने चांगले टायर आणि नवे शॉकअप घालावेत, निम्मा फरक तिथेच पडतो. मूळ स्प्रिंगा तेल लावून, पुढच्या-मागच्या खुणा करून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. या गणपतीला आई-वडील आणि सामान भावाच्या गाडीतून जाणार, मी मागून रिकामी गाडी घेऊन.