गाडीतलं सगळं भारी, हॉटेलातलं तेच ते

जुने मित्र खूप वर्षांनी भेटतात, काहीतरी कारणाने एकाच गाडीतून लांब जायची वेळ येते आणि वाटेत कळतं की तेव्हा जे होतं ती नुसती दोस्ती नव्हती. गे रोमान्स वाचणाऱ्यांना ही गोष्ट तोंडपाठ असते, त्यामुळे या कादंबरीचा ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाची छोटी ओळख, वाचून मी काही उड्या मारल्या नव्हत्या. पण पहिला अर्धा भाग एका बैठकीत संपला, आणि त्याचं श्रेय त्या गाडीला.

म्हणजे बघा ना, समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते गाडीत निघतं, दोघांची नजर रस्त्यावर असते आणि उत्तर द्यायचं नसेल तर ओव्हरटेक करायचं निमित्त असतंच. कॉलेज संपल्यावर अचानक बोलणं का बंद केलंस असं एकजण विचारतो, तर दुसरा इंडिकेटर देतो, लेन बदलतो, परत जुन्या लेनमध्ये येतो, इंडिकेटर तसाच टिकटिक करत राहतो, आणि मग म्हणतो पेट्रोल भरायला पाहिजे. संपला चॅप्टर. रडारड नाही, भाषण नाही. असं आणखी हवं होतं.

हॉटेलच्या रिसेप्शनवरचा सीनही मस्त जमलाय. एक बेड चालेल का असं विचारल्यावर दोघं एकदमच "नाही" म्हणतात, जरा जास्तच जोरात. जो गेली कित्येक वर्षं उघडपणे गे म्हणून जगतोय तो आधी काउंटरवरच्या माणसाचा चेहरा वाचतो, सवयच ती. दुसऱ्याचं लग्न होऊन घटस्फोट झालाय, त्याला असं कुणाचं तोंड बघून बोलायची वेळच कधी आलेली नाही, आणि आता पहिल्यांदा त्याच्या ते लक्षात येतं. दोन ओळीत उरकलंय खरं, पण अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात लागलेली जागा हीच. आणि मग रूम उघडतात तर काय, एकच बेड! अरे देवा. हे वाचून वाचून आता वीट आलाय हो.

शेवटाकडे एकजण अर्धवट फोन ऐकतो, भलताच अर्थ काढतो आणि बस पकडून निघून जातो. इतके दिवस शेजारी बसून बोललेली माणसं एक साधा प्रश्न विचारत नाहीत? पटत नाही. पानं भरायला घातलंय सरळ सरळ.

शेवट फार गोड झाला अशी कुरकुर बऱ्याच जणांनी केलीये, त्यात मी नाही. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, त्यातल्या दोघांना शेवटी एकत्र ठेवलं, आणि ती छापून आली १९७१ ला, तो गेल्यानंतर. 'ब्रोकबॅक माउंटन'मध्येही दोघं काही वर्षांनी परत भेटतात, पण त्यांचा शेवट काही सुखाचा होत नाही. हा सिनेमा काही फार जुना नाही, २००५ चाच. त्यामुळे दोन पुरुष सुखाने एका घरात राहायला गेले तर मला चालतंय, भले शेवटचा चॅप्टर जरा पाकात बुडवलेला असो. बेडरूमचे सीन कमी आहेत आणि बरे आहेत, दोघं एकमेकांना विचारून, मध्येच हसून वगैरे, उगाच आग लागल्यासारखं नाही.

एक वैताग मात्र आहे. दोघंही "मी" म्हणूनच गोष्ट सांगतात आणि ई-बुकमध्ये चॅप्टरवर नावच नाही. कोण गाडी चालवतोय ते बघून "मी" ओळखायचा असं मी ठरवलं होतं, तर हे दोघं हायवेवर मध्येच ड्रायव्हर बदलतात. स्टार खरं तर साडेतीन, इथे अर्धा देता येत नाही म्हणून चार.